सातशे किलोमीटरवरची भट्टी आणि दाराजवळचं भंगार

गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीपासून सरळ रेषेत सातशे किलोमीटरच्या आत वीज तयार करणारी एकही अणुभट्टी नाही. काकरापार, रावतभाटा, कल्पक्कम, तारापूर आणि कैगा ही पाचही केंद्रं नकाशावर मोजून पाहिली तर साधारण सव्वासातशे ते पावणेआठशे किलोमीटरच्या पट्ट्यात येतात. कुणीतरी अहेरीवर कंपासचं टोक रोवून वर्तुळ काढलं असावं इतकी सारखी. त्यामुळे अणुसुरक्षेत सामान्य माणसाचं काय काम, हा विषय इथे काढला की उत्तर ठरलेलं असतं. ते तारापूर-जैतापूरवाल्यांनी बघावं. आपल्याकडे खाण आहे, वाघ आहे, हिवताप आहे, तेवढं पुरे.

हे उत्तर निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यात बरेच गैरसमज दडलेले आहेत, आणि ते फक्त अहेरीचे नाहीत. पुण्या-मुंबईतले शिकलेले लोकही ते बाळगून असतात, फक्त जरा इंग्रजीत.

‘जड पाणी म्हणजे किरणोत्सारी पाणी’

हा गैरसमज आधी घेतो, कारण तो नदीने आपल्याशी जोडलेला आहे. अहेरीजवळून वाहणारी प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. पुढे इंद्रावती येऊन मिळते आणि ते सगळं पाणी तेलंगणात मणुगुरूवरून भद्राचलमकडे जातं. मणुगुरूला अणुऊर्जा विभागाचा जड पाण्याचा कारखाना आहे, १९९१ पासून चालू. तो गोदावरीचं पाणी घेतो. म्हणजे अहेरीजवळच्या वांगेपल्लीच्या पुलाखालून गेलेल्या पाण्याचा अंश देशातल्या एखाद्या अणुभट्टीत फिरत असेल, असं म्हणायला हरकत नाही.

पण जड पाणी मुळात किरणोत्सारी नसतं. कुठल्याही नदीच्या पाण्यात हायड्रोजनच्या साधारण साडेसहा हजार अणूंमागे एक अणू जास्त वजनाचा असतो. त्याला ड्युटेरियम म्हणतात आणि तो स्थिर असतो. कारखाना फक्त तो वेगळा काढतो. असं पाणी अणुभट्टीत वापरलं गेल्यावर त्यात ट्रिटियम तयार होतं आणि मग ते किरणोत्सारी होतं. मणुगुरूतून बाहेर पडतं ते मात्र कोरं जड पाणी असतं.

मग तिथे धोका नाही का? आहे, पण वेगळा. ड्युटेरियम वेगळं काढायला तिथे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू मोठ्या प्रमाणावर लागतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला तर नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, आणि फारच वाढला तर माणूस मिनिटांत मरतो. म्हणून त्या कारखान्याभोवतीच्या गावकऱ्यांनी किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर घेऊन फिरण्यात अर्थ नाही. भोंगा कधी वाजतो, वारा कुठल्या दिशेचा आहे आणि पळायचं कुठे, हे त्यांना ठाऊक असायला हवं. अहेरी तिथून पावणेदोनशे किलोमीटरहून जास्त दूर आणि नदीच्या वरच्या अंगाला आहे. तिथलं पाणीही इकडे येत नाही आणि वायूही. भीती चुकीच्या जागी बसली की मोजमापही चुकीच्या जागी होतं, म्हणून एवढं सांगितलं.

‘अणुभट्टी नाही म्हणजे धोका नाही’

जॉर्जिया देशातल्या लिया गावाजवळचं जंगल, डिसेंबर २००१. लाकूडतोडीला गेलेल्या तिघांना बर्फात दोन धातूचे डबे पडलेले दिसले. भोवतीचा बर्फ वितळलेला होता आणि डबे गरम होते. थंडीची रात्र होती, तिघांनी ते उचलले आणि शेकायला जवळ घेऊन झोपले. सोव्हिएत काळात दुर्गम जागी वीज पुरवण्यासाठी वापरलेल्या यंत्रांतले ते स्ट्रॉन्शियम-९० चे स्रोत होते. काही तासांतच उलट्या सुरू झाल्या. पाठी आणि हात भाजले. त्यातला एक जण २००४ मध्ये गेला.

त्या जंगलातही अणुभट्टी नव्हती. सरपणाला आणि मोहाला रानात जाणाऱ्या माणसाला ही गोष्ट समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

ब्राझीलच्या गोयानिया शहरात सप्टेंबर १९८७ मध्ये बंद पडलेल्या एका खासगी दवाखान्यातून कॅन्सरवरच्या जुन्या यंत्राचा भाग दोघांनी काढून नेला आणि भंगारात विकला. आत सीझियम-१३७ ची पूड होती. अंधारात ती निळी चमकायची, म्हणून लोकांनी ती चिमूट चिमूट घरी नेली आणि मुलांनी अंगाला फासली. चौघे मेले, २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात ती पूड सापडली आणि एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली. आपल्या विषयाशी जुळणारा भाग पुढे आहे. हे सगळं थांबलं ते कुठल्या निरीक्षकामुळे नाही. घरात एकामागून एक माणसं आजारी पडताहेत आणि ती त्या वस्तूमुळेच, हे भंगारवाल्याच्या बायकोने हेरलं. ती वस्तू पिशवीत घालून, बसने जाऊन, तिने आरोग्य खात्याच्या कचेरीत नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी एका भौतिकशास्त्रज्ञाने उसनं यंत्र आणून मोजलं आणि तिचा संशय खरा ठरला. ती बाई वाचली नाही.

दिल्लीत मायापुरीला एप्रिल २०१० मध्ये तेच झालं. दिल्ली विद्यापीठाने १९८५ पासून न वापरलेलं एक यंत्र भंगारात लिलावाने विकलं. त्यात कोबाल्ट-६० होतं. एक जण मेला, अनेक जण भाजले. नियामक यंत्रणेला खबर लागली ती इस्पितळातून, रुग्णाच्या जखमा पाहून डॉक्टरांना शंका आली तेव्हा.

आता आपल्या पट्ट्याकडे पाहा. चंद्रपूरकडे कोळसा, सिमेंट, कागद, औष्णिक वीज. गडचिरोलीत आता लोहखनिज आणि पोलाद. कागदाची जाडी, नळीतल्या मालाची घनता, बंद टाकीतली पातळी मोजायला अशा उद्योगांत जगभर छोटे किरणोत्सारी स्रोत वापरले जातात. वेल्डिंगचे सांधे तपासायला इरिडियम-१९२ लागतं. परवान्याने वापरले, कुलपात ठेवले आणि मुदत संपल्यावर परत पाठवले तर ते काम सुरक्षित आहे, आणि बहुतेक वेळा तसंच होतं. अडचण येते ती कारखाना बंद पडला, मालक बदलला, जुनी यंत्रं लिलावात गेली की. त्या घडीला स्रोताच्या सगळ्यात जवळ असतो तो मजूर आणि भंगारवाला.

तीन पात्यांचं पिवळं-काळं चिन्ह त्यांच्यातल्या बहुतेकांना पंख्याचं वाटतं. ही अडचण जगभरची आहे. म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ११ देशांत न शिकलेल्या लोकांपासून मुलांपर्यंत सगळ्यांना दाखवून २००७ मध्ये एक नवं चिन्ह काढलं: लाल त्रिकोण, त्यात वरून येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस. ते यंत्राच्या आतल्या भागावर लावायचं असतं, म्हणजे कुणी यंत्र फोडायला घेतलंच तर दिसावं. जड शिशाचा डबा, त्यावर यांतलं कुठलंही चिन्ह दिसलं, किंवा आग नसताना धातू गरम लागला, तर हात लावायचा नाही, लांब सरायचं आणि ११२ वर पोलिसांना कळवायचं. अणुसुरक्षेत अहेरीच्या माणसाला करता येण्यासारखं एवढं एकच काम असतं, तरी ते लहान नव्हतं.

एक उपप्रश्न नेहमी येतो. एक्स-रे काढला की अंगात किरण राहतात का? नाही. बटण बंद झालं की किरण संपले. किरण अंगावर पडणं वेगळं आणि किरणोत्सारी पूड अंगाला लागणं वेगळं; गोयानियात दुसरं झालं होतं. एक्स-रेबद्दल काळजी करायचीच असेल तर यंत्राच्या नोंदणीची करा. महालेखापालांनी २०१२ च्या अहवालात नोंदवलं होतं की देशातल्या जवळपास ९१ टक्के एक्स-रे केंद्रांची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणीच नव्हती.

‘कोळशाची राख अणुकचऱ्यापेक्षा जास्त किरणोत्सारी’

चंद्रपूरकडे हे वाक्य फार ऐकू येतं. १९७८ साली अमेरिकेच्या ओक रिजमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की नीट चालणाऱ्या अणुवीज केंद्रातून हवेत जे बाहेर पडतं, त्याच्या तुलनेत कोळशाच्या केंद्रातून धुराड्यावाटे शेजाऱ्यांना मिळणारी किरणोत्साराची मात्रा जास्त भरू शकते. भट्टीतून काढलेल्या वापरलेल्या इंधनाचा त्यात संबंध नाही. ते इंधन राखेपेक्षा अतिशय घातक असतं, तुलनाच होत नाही. चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या केंद्राच्या राखेबद्दल तक्रारी खूप आहेत आणि असाव्यात, पण त्या धुळीच्या, पाण्यातल्या जड धातूंच्या आणि फुप्फुसांच्या आहेत. त्यांना अणूची भीती जोडून वजन येत नाही, उलट मूळ तक्रार बाजूला पडते.

‘अडाणी माणसाला काय मोजता येणार?’

गडचिरोली जिल्ह्यात बसून हा प्रश्न कुणी विचारावा, याचं नवल वाटतं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने इथल्याच गावांतल्या, थोड्या इयत्ता शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. बाळ जन्मल्यावर वजन घ्यायचं, श्वास मोजायचा, ताप पाहायचा, कागदावर लिहायचं. ३९ गावांत हे काम चाललं आणि तुलनेला ४७ गावं वेगळी ठेवली. नवजात बालकांचा मृत्युदर तीन वर्षांत ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला आणि पुढे २०११ मध्ये देशभरच्या आशा कार्यकर्त्यांना तेच काम नेमून दिलं गेलं. त्या आकड्यांवर जगाने विश्वास ठेवला, तो बायका साध्याभोळ्या होत्या म्हणून ठेवला नाही. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू धरला गेला, तुलनेची गावं होती आणि एकाची नोंद दुसऱ्याने पडताळली, म्हणून ठेवला.

२००१ मध्ये महाराष्ट्रातल्या संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. सरकारी दप्तरात दिसतात त्याहून किती तरी जास्त बालमृत्यू प्रत्यक्षात होताहेत, हे त्यात गावोगाव मोजून दाखवलं होतं. सरकारला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. अणुसुरक्षेतल्या लोकसहभागाचा सगळा गाभा या एका उदाहरणात आहे: यंत्रणेचा एक आकडा, लोकांचा दुसरा, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघणं भाग पडणं. फक्त मोजायची वस्तू वेगळी.

आणि अणूच्या बाबतीतही हे घडून गेलंय. १९५८ पासून अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात झाली. हवेत होणाऱ्या अणुचाचण्यांतलं स्ट्रॉन्शियम-९० गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत-दातांत जातं, हे तपासायचं होतं. डॉ. लुईझ राइस यांनी काम उभं केलं, पण पाकिटं भरली ती आयांनी आणि शाळांनी. बारा वर्षांत तीन लाखांवर दात जमले. पहिले निष्कर्ष १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १९६३ मध्ये हवेतल्या चाचण्या बंद करणारा करार झाला तेव्हा हा पुरावा चर्चेत होता. एकेका आईने काय केलं? दात, मुलाची जन्मतारीख आणि तेव्हा राहायचं ठिकाण, एवढं नीट लिहून पाठवलं. तेंदूपानांच्या संकलन-फळीवर पुडा सत्तर पानांचाच आहे का हे बघणाऱ्या माणसाला याहून अवघड हिशेब रोज करावा लागतो.

‘काउंटर विकत आणला की झालं’

इथे मात्र उत्साही मंडळींची बाजू घेता येत नाही. काउंटरची टिकटिक पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखी बेहिशेबी येते. एका मिनिटात २० आली, पुढच्यात ३१, तरी काहीही बदललेलं नसतं. मिनिटाला २५ असा आकडा मिळाला तर त्यात सहज पाचाचा मागेपुढे असतो. दहा मिनिटं मोजून २५० आले तर १६ चा. म्हणजे घाईत घेतलेलं एकच मोजमाप कुठल्याच बाजूचा पुरावा होत नाही.

शिवाय किरणोत्सार सगळीकडे असतो: खडकात, हवेतल्या रेडॉनमध्ये, आपल्या हाडामांसातल्या पोटॅशियममध्ये. जगाची नैसर्गिक सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट धरतात. अणुउद्योगामुळे सामान्य माणसाला वर्षाला त्यावर १ मिलिसिव्हर्टहून जास्त मिळू नये, अशी मर्यादा आहे. मग एखाद्या गावात यंत्राने ताशी ०.१८ मायक्रोसिव्हर्ट दाखवलं, तर ते कारखान्याचं की खालच्या ग्रॅनाइटचं? कारखाना येण्याआधीचं मोजमाप हाताशी नसेल तर हे कुणीच सांगू शकत नाही. आणि काउंटर पाण्यातलं युरेनियम तर दाखवतच नाही म्हणा. त्याला पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्यात लिटरला ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा २०२१ मध्ये घातली.

म्हणून मोजायचं असेल तर भानगड नसताना मोजायचं. तेच यंत्र, तीच जागा, जमिनीपासून तीच उंची, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात. कंटाळवाणं काम आहे. कंटाळवाणं असल्यामुळेच ते कुणी करत नाही आणि अपघात झाल्यावर सगळे यंत्रं शोधत फिरतात.

‘लोक मोजतात ते विरोध करायलाच’

जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या भूकंपापाठोपाठ अणुकेंद्रात अपघात झाला; भूकंपानंतर आठवडाभरात ‘सेफकास्ट’ नावाने काही माणसं एकत्र आली. त्यांनी जीपीएस जोडलेला काउंटर बनवला, गाड्यांना बांधला आणि दर पाच सेकंदांना एक नोंद अशी रस्त्यारस्त्याची मोजणी केली. आकडे कुणालाही फुकट खुले. अणुऊर्जा असावी की नसावी यावर संस्थेने भूमिका घेतलीच नाही. तिच्या नकाशावर काही गल्ल्या सरकारी सरासरीपेक्षा वाईट निघाल्या आणि काही चांगल्या. लोकांना दोन्ही कळणं हवं होतं. सरकारकडे आकडे नव्हते असंही नाही. वारा किरणोत्सारी ढग कुठे नेतोय याचा अंदाज देणारी संगणक यंत्रणा होती, पण तिचे अंदाज वेळेवर लोकांपर्यंत पोचले नाहीत. नामिए गावचे लोक भट्टीपासून दूर म्हणून त्सुशिमाला गेले, आणि ढग नेमका त्सुशिमाकडेच गेला होता.

आपल्याकडचं ठळक उदाहरण वादग्रस्त आहे आणि ते तसंच सांगायला हवं. गुजरातेतल्या वेडछीहून ‘अणुमुक्ती’ हे नियतकालिक चालवणारे सुरेंद्र आणि डॉ. संघमित्रा गाडेकर यांनी १९९१ मध्ये स्वयंसेवक घेऊन राजस्थानात रावतभाट्याभोवती घरोघर पाहणी केली. भट्टीजवळची गावं आणि पन्नास किलोमीटरपलीकडची गावं यांची तुलना केली. जवळच्या गावांत जन्मजात व्यंगांचं प्रमाण जास्त आढळल्याचं त्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलं. अणुऊर्जा विभागाला ते मान्य नव्हतं. आक्षेप पोकळ नाहीत: गावं थोडी, प्रत्यक्ष किरणोत्साराची मात्रा मोजलेली नाही, आणि पाहणी करणारे आधीपासून विरोधक. पण तुलनेची गावं निवडण्याची शिस्त त्यांनी पाळली होती, आणि भट्टी १९७३ पासून चालू असताना शेजारच्या माणसांना प्रकृती विचारत घरोघर फिरण्याचं काम विरोधकांना करावं लागलं, हेही विसरता येत नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंनी मिळून, आधी पद्धत ठरवून, त्याच गावांत पुन्हा मोजावं. एकट्याने मोजून दुसऱ्याला खोटं ठरवण्यात वर्षं जातात.

‘मोजलं की ऐकावंच लागतं’

लागत नाही, आणि या सगळ्यातला सर्वांत कच्चा दुवा इथेच आहे.

फ्रान्समध्ये चेर्नोबिलच्या अणुअपघातानंतर, १९८६ मध्येच, सरकारच्या सारवासारवीला कंटाळून लोकांनी स्वतंत्र प्रयोगशाळा काढल्या. आक्रो ही त्यातली एक. १९९७ मध्ये ला हाग इथल्या अणुइंधन कारखान्याजवळच्या रक्ताच्या कर्करोगावरून वाद पेटला, तेव्हा मंत्र्यांनी जो अभ्यासगट नेमला त्यात कारखान्याचे तज्ज्ञ, सरकारी तज्ज्ञ आणि आक्रोचे लोक एकाच टेबलाशी बसले. २००६ च्या कायद्याने प्रत्येक मोठ्या अणुकेंद्राजवळच्या स्थानिक माहिती समितीला कायदेशीर जागा दिली. तिला स्वतः मोजमाप करून घेता येतं. अमेरिकेत थ्री माइल आयलंडचा अपघात १९७९ मध्ये झाला. पुढच्या वर्षी भट्टीत कोंडलेला वायू बाहेर सोडायचा होता, तेव्हा सरकारवर कुणाचा विश्वास उरला नव्हता. म्हणून आसपासच्या १२ वस्त्यांतल्या नागरिकांनाच शिकवून यंत्रं दिली आणि रोजचे आकडे त्यांनीच शेजाऱ्यांना सांगितले.

आपल्याकडे केंद्राभोवतीचं पाणी, दूध, मासे, माती तपासायचं काम भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा करतात, आणि त्या ते वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. तिथल्या शास्त्रज्ञांना नावं ठेवायचं कारण नाही. पण दुसरा आकडा ठेवायला टेबलच नाही. नियामक मंडळ १९८३ मध्ये सरकारी आदेशाने झालं. ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याच वरिष्ठांना ते उत्तरदायी, हा महालेखापालांचा आक्षेप होता. त्याला स्वायत्त करण्यासाठी २०११ मध्ये आणलेलं विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर बुडालं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ चा अणुऊर्जा कायदा मोडीत काढून ‘शांती’ नावाचा नवा कायदा केला. त्याने खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि मंडळाला पहिल्यांदा कायद्याचा दर्जा दिला. मोजणाऱ्या गावकऱ्याला त्यात फ्रान्सच्या समितीसारखी खुर्ची मात्र मिळालेली नाही.

अहेरीच्या बाजूने एक गोष्ट आहे, जी तारापूरच्या कामगार वसाहतीतल्या माणसाकडे नाही. इथे ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. बांबू आणि तेंदूचा लिलाव ग्रामसभा स्वतः करतात, वह्या ठेवतात, हिशेब भर सभेत वाचतात. मेंढा (लेखा) गावातल्या अभ्यासगटांनी तर कुठलाही निर्णय घेण्याआधी विषय समजून घेण्याची सवयच लावली. इथल्या ग्रामसभेतून जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे एक अर्ज जाऊ शकतो: गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत परवाना असलेले किरणोत्सारी स्रोत किती, कुठल्या प्रकारचे, बंद पडलेल्या कारखान्यांतले परत गेले का, आणि एखादा सापडला तर जवळचं मोजणी यंत्र कुणाकडे आहे. चोरीच्या भीतीने नेमक्या जागा झाकून ठेवल्या तर ते समजण्यासारखं आहे. संख्या आणि शेवटच्या तपासणीची तारीख सांगायला कुणाची हरकत असू नये.